पितळी पट्टी उन्हाळ्यातच का उचलते? चाकूच्या मुठीचं लाकूड आणि जडावकाम

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि फोटोही मोठे करून पाहिले. तुम्ही धुळ्यात स्वयंपाकघरातले चाकू बनवता. पावसाळ्यात शिसव आणि आबनुसाच्या मुठी बसवून त्यात पितळी वेल, फुलं आणि आडव्या पट्ट्या भरल्या. गणपतीच्या सुमारास चाकू गिऱ्हाइकांकडे गेले आणि एप्रिलमध्ये तीन परत आले. एकाची आडवी पट्टी टोकाकडून उचलली गेली, दुसऱ्याच्या फुलापासून केसाएवढी भेग निघाली, आणि तिसऱ्याची मूठ धरली की मुठीच्या दोन लाकडांमधल्या पोलादाची कड बोटांना लागते. याहून भारी लाकूड कोणतं, जास्त घट्ट धरणारा गोंद कोणता आणि सांबरशिंग मिळतंय ते जडावाला वापरू का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

सांबरशिंगाचं आधी संपवतो. घेऊ नका. जंगलात आपोआप गळून पडलेलं शिंग असलं तरी चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. सांबर आणि चितळ त्याच्या अनुसूचीत आहेत आणि त्यांची शिंगं बाळगणं किंवा विकणं हा गुन्हा आहे. विकणारा म्हणेल, "आजोबांच्या काळातलं आहे." त्या वाक्याने तुमची सुटका होणार नाही. पांढरा रंग हवा असेल तर उंटाचं हाड किंवा शिंपला वापरा, काळा हवा असेल तर म्हशीचं शिंग. म्हशीचं शिंगसुद्धा दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, त्यामुळे पुढे लाकडाबद्दल जे लिहितोय ते त्यालाही लागू आहे. हाड त्या मानाने पुष्कळ स्थिर असतं.

आता मुख्य गोष्ट. तुमचे तिन्ही चाकू एकाच कारणाने परत आलेत, आणि ते कारण लाकडाचा दर्जा किंवा गोंद हे नाही. मुठी भरल्या तेव्हा लाकडात पावसाळ्याचं पाणी होतं. एप्रिलमध्ये ते निघून गेलं, लाकूड रुंदीत आकसलं, आणि पितळ व पोलाद मात्र होतं तेवढंच राहिलं. उचललेली पट्टी, फुलाजवळची भेग आणि वर आलेली पोलादाची कड ही त्याचीच तीन रूपं आहेत. म्हणून याहून महाग लाकूड आणलंत तरी पुढच्या वैशाखात हेच होईल. आबनुसात तर जास्तच होईल.

आकडे मांडतो, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबावं लागणार नाही. लाकूड हवेतल्या ओलाव्याशी सतत जुळवून घेत असतं. आपल्याकडे भर पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते. त्या हवेत बराच काळ राहिलेल्या लाकडात १४-१५ टक्के पाणी असतं. एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा २०-२५ टक्क्यांवर येते आणि लाकूड ५-६ टक्क्यांकडे उतरू लागतं. घरातलं, पॉलिश केलेलं लाकूड इतक्या टोकाला जात नाही, पण सुरुवात ओल्या लाकडाने झाली असेल तर ७-८ टक्क्यांचा फरक सहज पडतो.

शिसवाचं लाकूड पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने साधारण ६ टक्के आकसतं, आणि गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने साधारण ३ टक्के. हे आकसणं पाणी सुमारे ३० टक्क्यांवरून शून्यावर येतं त्या टप्प्यात वाटलं जातं. म्हणजे पाणी एक टक्का कमी झालं की पहिल्या दिशेत ०.२ टक्के, दुसऱ्या दिशेत ०.१ टक्के. तुमची मूठ २५ मिमी रुंद धरा. ८ टक्के पाणी गेलं तर ती पहिल्या दिशेत ०.४ मिमी आकसेल, दुसऱ्या दिशेत ०.२ मिमी. आफ्रिकन आबनूस शिसवापेक्षा बराच जास्त हलतो. त्याच हिशेबाने तो अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जातो. पोलादाची कड ०.१ मिमी वर आली तरी बोटाला कळते, मग ०.२ मिमी तर खुपणारच.

पितळ उन्हाळ्यात वाढतं, म्हणून पट्टी उचलली असेल, असं तुम्ही लिहिलंय. तेही तपासून पाहू. पितळ एका अंशाला लांबीच्या दशलक्षात सुमारे १९ भाग वाढतं. १०० मिमी लांबीची पट्टी जानेवारीच्या १२ अंशांवरून मेच्या ४५ अंशांपर्यंत गेली तर ०.०६ मिमी वाढेल. तुमची आडवी पट्टी २५ मिमीची आहे, तिची वाढ याच्या एक चतुर्थांश. लाकूड मात्र त्याच जागी ०.२ ते ०.४ मिमी आखूड झालंय. तेव्हा दोष पितळाच्या उष्णतेचा नाही, लाकडाच्या पाण्याचा आहे.

लांबीच्या दिशेने, म्हणजे रेषांच्या दिशेने, लाकूड जवळजवळ हलत नाही. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत हजारात एखाद-दोन भाग. जडावाचं सगळं नियोजन या एका गोष्टीवर उभं आहे. मुठीच्या लांबीला समांतर जाणारी पितळी रेघ वर्षानुवर्षं बसून राहते. आडवी रेघ दोन्ही टोकांना अडकून मधे किंवा टोकाला उचलते, कारण तिच्याखालचं लाकूड तिच्यापेक्षा आखूड झालेलं असतं. गोंद कितीही चांगला असला तरी आकसणारं लाकूड एकतर तो सोडवतं, नाहीतर स्वतः तडकतं. गोंद सुटला नाही तर भेग पडते, एवढाच फरक.

उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीची तारकशी पाहिलीत का? शिशमाच्या लाकडात पितळेची चपटी तार ठोकून नक्षी भरतात. मिळाली तर एखादी जुनी पेटी हातात घेऊन भिंगाने बघा. तार कडेवर उभी असते, चरात ठोकून बसवलेली, आणि नक्षीत बारीक वळणं पुष्कळ. वळणदार तार थोडी उघडते, थोडी मिटते, त्यामुळे लाकडाची हालचाल सोसते. सरळ, लांब, आडव्या तारेला ती सोय नसते. (दुकानदार दोन्ही नावं एकच धरतात, पण उत्तरेचं शिशम आणि आपल्या सातपुड्यातलं शिसव ही वेगळी झाडं आहेत. आपलं जास्त काळसर-जांभळट आणि जड असतं.)

आता मी स्वतः कसं करतो ते सांगतो. माझं काम चोपड्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी. इथली हवा तुमच्या धुळ्यासारखीच, म्हणून बरंचसं तसंच्या तसं लागू पडेल. गिऱ्हाईक मुंबईचं किंवा कोकणातलं असेल तर मात्र हिशेब बदलतो. तिथे लाकूड वर्षभर ओलसरच राहतं, त्यामुळे फार सुकवून दिलेली मूठ तिथे फुगते. दिवसभर एसी चालणारं घर असेल तर तेही कोरड्या प्रदेशासारखंच धरावं लागतं. म्हणून ऑर्डर घेताना मी गाव विचारतो. खान्देश, विदर्भ, मराठवाडा असेल तर लाकूड ७-८ टक्क्यांवर आणून मग काम करतो, किनारपट्टीसाठी १०-११ वर. दोन्हीकडे चालेल असा एक आकडा नाही. शंका असेल तेव्हा मी कोरड्या बाजूला झुकतो. किंचित फुगलेल्या मुठीत पितळ आणखी घट्ट बसतं आणि लाकूड पोलादाच्या केसभर वर येतं. हाताला ते खुपत नाही. आकसलेली मूठ खुपते.

ओलावा मोजायला मॉइश्चर मीटर असेल तर उत्तम, पण अंजन किंवा आबनुसासारख्या फार जड लाकडावर स्वस्त मीटरचा भरवसा धरू नका. वजनकाटा जास्त खरं बोलतो. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. लाकडाच्या टोकाचा नाही, मधला एक तुकडा कापा, लगेच वजन करा आणि साध्या ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवा. वजन उतरायचं थांबलं की शेवटचं वजन लिहा. समजा आधी ५२.४ ग्रॅम होता, नंतर ४६.८ राहिला. फरक ५.६, त्याला कोरड्या वजनाने, म्हणजे ४६.८ ने भागा. १२ टक्के आले. हे लाकूड अजून खान्देशासाठी तयार नाही. तुकडा बळी द्यायचा नसेल तर प्रत्येक लाकडी पट्टीवर (मुठीच्या एका बाजूला लागणाऱ्या तुकड्यावर) पेन्सिलने तारीख आणि वजन लिहीत जा. कोरड्या दिवसांत दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेली वजनं सारखी आली की पट्टी तुमच्या खोलीतल्या हवेशी जुळली. पावसाळ्यातही वजन स्थिरावतं, पण ते १४ टक्क्यांवर. तुमची फसगत बहुधा इथेच झाली. लाकूड "सुकलेलं" होतंच, फक्त श्रावणातल्या हवेइतकं सुकलेलं.

पावसाळ्यात काम थांबवायचं का? तशी गरज नाही. उन्हाळ्यात सुकवून तयार केलेल्या पट्ट्या झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, जाड पिशवीत बांधून ठेवा. काम करायचं तेव्हाच काढा आणि चर कोरण्यापासून पॉलिशपर्यंतचं काम सलग उरका. अर्धवट कोरलेली पट्टी आठवडाभर उघडी पडली तर ती पुन्हा पाणी पिते.

सुकवण्याबद्दल एक गोष्ट जपा. आपल्या उन्हाळ्यात लाकूड लवकर सुकतं म्हणून लोक ते गच्चीवर टाकतात. टोकांकडून पाणी झपाट्याने निघतं, मधलं मागे राहतं आणि टोकं फुटतात. पट्ट्या ८-१० मिमी जाडीच्या कापा, दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट लावा, मधे काड्या घालून सावलीत रचा. बाहेरून मागवलेले आबनुसाचे ठोकळे बहुतेकदा पूर्ण मेणात बुडवून येतात. ते मेण म्हणजे आत पाणी कोंडलंय याची खूण समजा. वर्षभर कपाटात ठेवलात तरी ते सुकत नाहीत. लांबीकडच्या चारही बाजूंचं मेण खरवडा, टोकांचं तसंच ठेवा आणि वजन घ्यायला लागा. तुमच्या आबनुसाच्या बाबतीत हेच झालं असावं, कारण फोटोतल्या कोपऱ्यात मेणाचा पांढरट थर मला अजून दिसतोय.

दुर्मिळ लाकडाचं आकर्षण मी समजू शकतो. गिऱ्हाइकाला नाव ऐकायला आवडतं. पण खान्देशात राहून आफ्रिकेतून काळं लाकूड का आणायचं? टेंभुर्णीच्या गाभ्यात काळं लाकूड असतं. ज्याची पानं बिडीला जातात तेच झाड, आबनुसाच्याच कुळातलं. गाभा लहान, वेडावाकडा, कधी तपकिरी पट्टे असलेला, आणि सुकताना फुटायला टपलेला. पण चाकूच्या मुठीला लागतं किती? १२ सेंटीमीटरच्या दोन पट्ट्या. तेवढं निघतं. जुन्या चिंचेचा गाभा तर माझा सगळ्यात आवडता आहे. तपकिरी-जांभळा, शिंगासारखा घट्ट, आणि पॉलिश केल्यावर आत खोली दिसते. झाड म्हातारं असावं लागतं, तरुण चिंचेत सगळं पांढरंच निघतं. अंजन हे आपल्या देशातल्या सगळ्यात जड लाकडांपैकी एक. काळपट लाल, आणि हत्यारांची धार खाणारं. त्याच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे रंधा मारला की सालपटं उपटली जातात. ते घासूनच काढा. अंजनात तार ठोकणं कठीण, पण एकदा बसली की हलत नाही.

धावडा आणि तिवस ही कुऱ्हाडीच्या दांड्यांची, गाड्याच्या भागांची लाकडं. दिसायला साधी, पण धक्का सोसणारी. केळीच्या बागेत काम करणारे शेतकरी माझ्याकडे चाकू मागतात तेव्हा मी त्यांना धावड्याची किंवा बाभळीच्या गाभ्याची मूठ देतो आणि जडाव करतच नाही. केळीचा चीक, चिखल, दिवसभराचा घाम, त्यात नक्षीचा काय उपयोग? त्या माणसाला मूठ ओल्या हातातून निसटू नये एवढंच हवं असतं. जडाव जपून वापरल्या जाणाऱ्या चाकूला करा. हा माझा आग्रह आहे.

लाकूड कुठून आणता तेही महत्त्वाचं. सातपुड्यातून कोणी रात्री खांद्यावर आणून देतो त्याला नाही म्हणा. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, अंजन, तिवस, खैर, चिंच अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते. मला सर्वांत चांगलं लाकूड जुन्या घरांतून मिळतं. धाब्याची घरं पाडतात तेव्हा खण, तुळया, दारांच्या चौकटी वखारीत येतात. मोडक्या बैलगाड्यांचे भाग येतात. बिल करून घ्या आणि जपून ठेवा. कापण्याआधी चुंबक फिरवा, आतल्या एका खिळ्याने करवतीचं पातं जातं. आणि हेही लक्षात ठेवा की शंभर वर्षं जुना सागसुद्धा पावसाळ्यात फुगतोच. जुनेपणाने आतले ताण निवळतात, पाणी पिणं थांबत नाही. शिसवाच्या मुठीचा चाकू परदेशात पाठवणार असाल तर आधी कागदपत्रांची चौकशी करा. शिसव ज्या डालबर्जिया गटातलं आहे तो सगळा गट २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आहे.

आता लाकडी पट्टी कशी कापायची. टोकाकडून लाकूड बघा. वाढीची वर्तुळं मुठीच्या रुंद बाजूला काटकोनात उभी दिसली पाहिजेत. मग रुंदीतली हालचाल निम्मी होते, वर काढलेल्या ०.४ आणि ०.२ मधला तो फरक. रुंद बाजूवर डोंगरासारख्या कमानी दिसत असतील तर लाकूड चपटं कापलेलं आहे. दिसायला ते सुंदर, पण जडावाला वाईट. नक्षीदार लाकूड हवं तर जडाव नको, जडाव हवा तर सरळ रेषांचं शांत लाकूड घ्या. दोन्ही एकाच मुठीवर नजरेलाही जड होतं, असं मला वाटतं.

चर आणि तार. मी ०.३ मिमी जाडीच्या पितळी पत्र्यातून १.५ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापतो, मंद लाल होईपर्यंत तापवून नरम करतो. मग त्यांच्या दोन्ही बाजू खरखरीत कानशीवर तिरक्या घासतो, म्हणजे बारीक दाते उमटतात. चरासाठी लाकूड उकरून काढत नाही. जुन्या हॅक्सॉच्या पात्यापासून घासून केलेली बारीक पटाशी रेघेवर टेकवून हलके ठोके देत जातो. तंतू बाजूला सरकतात, तुटत नाहीत. खोली १.२ मिमी. पट्टी कडेवर उभी करून ठोकली की साधारण ०.३ मिमी वर राहते. मग ओल्या ब्रशचा एकच हात रेघेवरून फिरवतो. दाबले गेलेले तंतू फुगून दात्यांना धरतात. पूर्ण वाळू दिल्यावर वरचा भाग कानशीने उतरवायचा. याहून वळणदार आणि बारीक नक्षी हवी असेल तर चांदी घ्या. जळगावात सोनार हवी त्या जाडीची तार ओढून, चपटी करून देतात आणि चांदी पितळापेक्षा वळणाला मऊ जाते.

आडवी रेघ डिझाइनसाठी हवीच असेल तर ती एकसंध ठेवू नका. ६-७ मिमीचे तुकडे करा, मधे केसभर जागा सोडा, किंवा ठिपक्यांची रांग करा. ठिपके म्हणजे लाकडात आरपार न जाणाऱ्या बारीक पिना. त्या प्रत्येकी आपल्या जागी राहतात, लाकूड त्यांच्यामधून हवं तसं हलतं. मूठ धरून ठेवणाऱ्या आरपार पिनांनाही हेच लागू. त्या लांबीच्या दिशेने एका ओळीत घ्या, रुंदीत दोन शेजारी-शेजारी नकोत.

तुमच्या फुलाबद्दल. फोटोत भेग फुलाच्या पाकळीच्या टोकापासूनच सुरू झालीय, बरोबर? पाकळीचं टोक सुईसारखं आहे, आणि फूल १५ मिमी रुंद आहे. आकसणारं लाकूड त्या पत्र्याभोवती आवळलं गेलं आणि सर्वांत टोकदार जागी फाटलं. यापुढे रुंदीतला एकसंध पत्रा ८ मिमीच्या वर जाऊ देऊ नका. मोठं फूल हवं असेल तर पाकळ्या सुट्या कापा. पाकळ्यांची टोकं कानशीने किंचित गोल करा, आणि चराचे कोपरेही तसेच. खाली बघताना डोळ्याला तो गोलवा कळतही नाही, पण भेग तिथून सुरू होत नाही.

गोंदाबद्दल थोडक्यात. सावकाश घट्ट होणारं दोन भागांचं एपॉक्सी पुरेसं आहे. वजन करून मिसळा, नजरेने नाही. शिसव आणि टेंभुर्णी तेलकट असतात, म्हणून चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा आणि लगेच लावा. पोलाद ८० नंबरच्या कागदाने खरबरीत करा. शिकंजा इतका आवळू नका की सगळा गोंदच बाहेर येईल. पात्याचं पोलाद गंजणारं असेल तर मुठीतल्या पूर्ण भागाला एपॉक्सीचा थर द्याच, कारण या लाकडांतलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळे डाग पडतात. घरी घट्ट होणारी बहुतेक एपॉक्सी ६० अंशांच्या आसपास नरम पडू लागतात. भुसावळला मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तेवढं तापमान होतं. गिऱ्हाइकाला हे तोंडी सांगा. आणि घासायच्या मशीनच्या बेल्टवर मूठ घासताना पितळी पिनेवर बोट ठेवून बघत जा. चटका बसला म्हणजे आतला गोंद भाजतोय आणि पिनेभोवतीचं लाकूड सुकून आकसतंय. पिनेभोवती काळं कडं दिसतं ते यामुळेच. शेवटची घासाई मी हातानेच करतो.

पितळाची भुकटी फिकट लाकडाच्या छिद्रांत शिरून ते मळकट करते. म्हणून घासण्याआधी चपडा लाखेचा पातळ हात द्या, आणि भुकटी ओल्या फडक्याने न पुसता हवेने उडवा. तोंडाला चांगला मास्क लावा. शिसव-आबनुसाच्या भुकटीने अनेकांना अंगावर पुरळ आणि दमा होतो, शिंपल्याची आणि हाडाची भुकटी छातीला आणखी वाईट. शेवटी जवसाचं तेल लावत असाल तर त्याची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात, आणि आपल्या उन्हाळ्यात त्यांना फारसं निमित्तही लागत नाही. एकेक फडकं उघडून दोरीवर वाळवा किंवा पाण्यात बुडवा. तेल लावल्याने लाकूड पाणी पिणं बंद करत नाही, फक्त सावकाश पितं. हेही समजून असा, म्हणजे पॉलिशवर सगळा भार टाकणार नाही.

राळेने भरलेलं लाकूड वापरू का, असं तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी विचारलंय. निर्वात भांड्यात राळ भरून भट्टीत पक्कं केलेलं लाकूड खरंच कमी हलतं. पण ते आंब्यासारख्या सच्छिद्र, नाहीतर किडीने-बुरशीने नक्षी उमटलेल्या मऊ लाकडाला शोभतं. अंजन, शिसव, टेंभुर्णीत राळ शिरतच नाही, वरवर थर बसतो. त्यावर पैसे घालवू नका.

परत आलेल्या तीन चाकूंचं काय करायचं? आत्ता मे आहे, लाकूड वर्षातल्या सर्वांत आकसलेल्या अवस्थेत आहे. दुरुस्तीला ही चांगली वेळ आहे. ज्याची पोलादाची कड खुपते ती आत्ताच कानशीने लाकडाच्या पातळीला आणा. पावसाळ्यात लाकूड केसभर वर येईल आणि कोणाला कळणार नाही. उचललेली पट्टी गरम करून काढा, तीन तुकडे करा, प्रत्येकाची टोकं थोडी आखूड करून पुन्हा बसवा. पूर्वीच्याच चरात रिकामी टोकं राहतील, ती त्याच लाकडाची भुकटी आणि एपॉक्सीने भरा. भेगेच्या चाकूला मात्र घाई करू नका. आत्ता शिकंज्यात आवळून चिकटवलीत तर पुढच्या कोरड्या हंगामात शेजारी दुसरी निघेल. श्रावणापर्यंत ठेवून द्या. भेग आपोआप मिटली तर लाकूड ठीक आहे, फक्त फूल जास्त घट्ट होतं. मग फूल काढा, टोकं गोल करा, चर सर्व बाजूंनी केसभर मोठा करा आणि परत बसवा. मिटली नाही तर ती लाकडी पट्टीच बदला. गिऱ्हाइकाला उशिराचं कारण मोकळेपणाने सांगा. लोक ऐकून घेतात.

गिऱ्हाईक मोठ्या पात्याचा, सजवलेला "शिकारी" चाकू मागत असेल तर अजून एक बघा. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं, घरगुती किंवा शेतीच्या कामाचं नसेल तर शस्त्र नियमांत येतं. स्वयंपाकाच्या चाकूला ही अडचण नाही.

पुढच्या खेपेला पट्ट्या चिकटवण्याआधी त्यांच्या टोकाचा छेद स्पष्ट दिसेल असा फोटो आणि दोन तारखांची वजनं इथे टाका. कोणती पट्टी कोणत्या बाजूला, आणि वेल कुठून कुठे न्यायचा, ते त्यावरून नेमकं सांगता येईल.